पन्नाशीच्या मुंग्या आणि ‘वयाचं दुखणं’

सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातल्या आष्टा आणि भोवतालच्या गावांत पंचेचाळिशी ओलांडलेली बाई सांगते की रात्री हात बधिर होऊन जाग येते, तळपायांची आग होते, दंडातून निघालेली चमक बोटांपर्यंत जाते. घरात आणि पुष्कळदा दवाखान्यातही तिला एकच निकाल ऐकवला जातो: ‘वय झालं, आता हे चालायचंच.’ पाळी नुकतीच गेली आहे किंवा जाण्याच्या बेतात आहे, हे ती आपणहून बोलत नाही आणि तिला कोणी विचारतही नाही. पाळीचा संबंध गर्भाशयाशी, मुंग्यांचा संबंध नसांशी, या दोहोंत नाते नाही, असे हे प्रचलित मत आहे. ते मला मान्य नाही. का नाही, ते मांडतो. निवाडा वाचकांनी करावा.

आधी पूर्वपक्ष, आणि तो पुरता, कारण तो पोकळ नाही. वाढत्या वयात मज्जातंतू क्षीण होतात आणि पुरुषांचेही हातपाय बधिर होतात. वाळवा तालुक्यातली बाई तीस-तीस वर्षे उसात आणि हळदीत भांगलण करते, सकाळ-संध्याकाळ म्हशीची धार काढते, डोक्यावरून वैरणीचा भारा आणते. मनगट आणि मान दुखायला आणखी कारण कशाला हवे? मधुमेह आहे, बी-१२ची कमतरता आहे, थायरॉईड आहे. ही मुंग्यांची खरी, सिद्ध कारणे आहेत. शिवाय अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या प्रचंड चाचणीत गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना इस्ट्रोजेन देऊन पाहिले, तर वर्षभराने सांधेदुखी सांगणाऱ्यांचे प्रमाण ७९.२ टक्क्यांऐवजी ७६.३ टक्के भरले. एवढ्याशा फरकासाठी हार्मोनला जबाबदार का धरावे?

वयाचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, म्हणून तो आधी घेतो. वय आणि हार्मोन यांची ताटातूट करणे कठीण, कारण दोन्ही एकदमच बदलतात. ही ताटातूट एका चाचणीने करून दाखवली आहे. पाळी गेल्यानंतरही बाईच्या शरीरात, मुख्यतः चरबीत, थोडे इस्ट्रोजेन तयार होत राहते. अ‍ॅनास्ट्रोझोल हे औषध तेही जवळजवळ बंद पाडते. स्तनाच्या कर्करोगाचा धोका जास्त असलेल्या, पाळी गेलेल्या ३,८६४ स्त्रियांवर ‘आयबिस-२’ या चाचणीत त्याचा वापर झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून १,९२० जणींना औषध आणि १,९४४ जणींना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली. मनगटातल्या अरुंद जागेत मज्जातंतू दाबला जाऊन बोटांना मुंग्या येतात, त्या कार्पल टनेल विकाराच्या रुग्णा पहिल्या गटात ६५ निघाल्या आणि दुसऱ्यात ३१. वय तेच. विभागणी दैवावर सोडलेली, त्यामुळे कष्टांचा फरकही दोन्हीकडे सारखाच वाटला गेलेला. कमी झाले ते फक्त इस्ट्रोजेन, आणि विकार दुपटीने वाढला. शंभरांत तीन-चार जणी म्हणजे संख्या लहान आहे, हे कबूल. पण प्रश्न नाते आहे की नाही हा होता. ते आहे.

हे घडावे कसे, याचे उत्तर मज्जातंतूंच्या घडणीतच आहे. कण्याला लागून असलेल्या ज्या गाठींत वेदना वाहणाऱ्या पेशी राहतात, त्या पेशींवर इस्ट्रोजेनचे ग्राहक आहेत. मज्जातंतूभोवती मायलिनचे वेष्टण गुंडाळणाऱ्या श्वान पेशी स्वतः प्रोजेस्टेरॉन बनवतात आणि ते या वेष्टणाच्या घडणीस मदत करते, हे एत्येन-एमिल बोलिए आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली उंदरांत दाखवले. प्रोजेस्टेरॉनपासून तयार होणारा आणखी एक पदार्थ मेंदू आणि कणा यांतल्या शमन करणाऱ्या यंत्रणेला बळ देतो. म्हणजे ज्यांना आपण ‘गर्भाशयाचे हार्मोन’ म्हणत आलो, ते नसांच्या घरातलेही रहिवासी आहेत. हे घर रिकामे होत असताना नसांना त्याची खबरच लागणार नाही, हे मत कोणत्या आधारावर टिकते?

आणि हा काही कालचा शोध नव्हे. रजोनिवृत्तीच्या तक्रारी मोजण्यासाठी १९५३ साली कुपरमन निर्देशांक तयार झाला. त्यातल्या अकरा तक्रारींत अंगावर मुंग्या चालल्यासारखे वाटणे आणि हातापायांची बधिरता या दोन्ही स्वतंत्रपणे नोंदलेल्या आहेत. जीभ आणि तोंड भाजल्यासारखे होण्याचा विकार बहुतांशी याच वयातल्या स्त्रियांना होतो. सत्तर वर्षांपूर्वी वैद्यकाच्या तक्त्यात असलेली तक्रार आज आमच्या तपासणीच्या टेबलावर पोचत का नाही?

आता ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’. त्या आकड्यांत सांधेदुखी मोजली आहे, मज्जातंतूची वेदना नव्हे. भाग घेणाऱ्यांचे सरासरी वय त्रेसष्टच्या पुढे होते. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसला जाते. हार्मोन चढउतार करतात त्या चार-पाच वर्षांबद्दल ती चाचणी बोलतच नाही. इस्ट्रोजेन ही वेदनेवरची गोळी आहे असे माझे म्हणणे नाही. काही दुखणी त्याच्या चढउतारानेही वाढतात, मासिक पाळीशी जोडलेली अर्धशिशी हेच दाखवते. माझे म्हणणे एवढेच की वेदनेच्या हिशेबात हार्मोनचा रकाना असला पाहिजे.

कष्टांचा मुद्दा मी खोडत नाही. धार काढणारे मनगट झिजते. पण तेच खुरपे आणि तीच म्हैस असताना पंचविशीत, पस्तिशीत न आलेल्या मुंग्या सत्तेचाळिसाव्या वर्षी का येतात? साठलेली झीज हे अर्धे उत्तर झाले. त्यात रात्री घाम फुटून झोप मोडते, आणि मोडलेली झोप वेदना तीव्र करते. कारणे एकमेकींच्या जागी येत नाहीत, एकमेकींवर चढतात.

मधुमेह आणि बी-१२ यांचा दाखला तर पूर्वपक्षावरच उलटतो. ही कारणे आहेत म्हणूनच ‘वय झालं’ म्हणून बाईला परत पाठवणे धोक्याचे. साखर पाहिली का? थायरॉईड पाहिले का? मेटफॉर्मिनच्या दीर्घ वापराने बी-१२ उतरते, मग वर्षानुवर्षे ती गोळी घेणाऱ्या शाकाहारी बाईचे बी-१२ तपासले का? कातडीवर बधिर चट्टा आहे का, हे दिव्याखाली पाहिले का? कारण कुष्ठरोगही नसांनाच धरतो. उलट प्रत्येक मुंगी पाळीवर ढकलणारेही याच चुकीचे वाटेकरी आहेत. आधी तपासणी, मग निदान.

‘वात आहे’ म्हणणाऱ्यांशी माझे भांडण कमी आहे. आष्ट्यात आयुर्वेदाचे महाविद्यालय आहे. तिथला विद्यार्थीही सांगेल की सुश्रुतसंहितेत रज थांबण्याचे वय पन्नास दिले आहे आणि उतारवयात वाताचे प्राबल्य मानले आहे. त्या शास्त्रात वात म्हटल्यावर चिकित्सा सुरू होते. आपल्याकडे वात म्हटल्यावर बोलणे संपते. हा दोष शास्त्राचा नव्हे.

आणि ‘मनाचं आहे’? मज्जातंतूच्या वेदनेवर दिले जाणारे गॅबापेंटिन पाळी जाताना अंगातून उठणाऱ्या गरम वाफाही कमी करते. दोन्ही तक्रारींची मुळे मज्जासंस्थेत आहेत, याची ही खूण. मनाला त्रास होतोच; रात्र-रात्र जागणाऱ्या कोणाला होणार नाही?

वयाचा युक्तिवाद साफ कोसळतो ते ठिकाण आपल्याच शिवारात आहे. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या सांगली-साताऱ्याच्या फडांत उतरतात. त्यांतल्या बायकांच्या गर्भाशयाची पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ साली राज्य सरकारने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे सहांत एक. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात हे प्रमाण १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत ३.२ टक्के होते. अंडाशये काढली तर पाळी जाण्याची सगळी वर्षे एका रात्रीत येतात. ती ठेवली तरी काही जणींत लवकर थकतात. पत्रकारांशी बोलताना या बायकांनी कंबरदुखी, अंगदुखी, न पेलणारा थकवा सांगितला. त्यातले नसांचे किती आणि सांध्यांचे किती, हे प्रत्येकीला तपासूनच ठरेल. पण कोयता हातात घेऊन उभी असलेली ती बाई अनेकदा चाळिशीच्याही आतली असते. तिला ‘वय झालं’ हे कोणत्या तोंडाने सांगणार? तिला विचारायचे ते हे: पिशवीबरोबर अंडाशयेही काढली का, तो कागद जवळ आहे का, आणि हात बधिर व्हायला लागले ते ऑपरेशनच्या आधी की नंतर.