जुने देऊळ राखावे की नवे बांधावे? – वऱ्हाडातील देवळांची साक्ष

देवळाचे काम निघाले म्हणजे गावात पहिल्या बैठकीपासूनच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, जुने उतरवून सिमेंट-काँक्रीटचे, उंच शिखराचे देऊळ बांधू. दुसरा म्हणतो, मूळ देऊळ आहे तसे राखू आणि पुढे सभामंडप काढू, म्हणजे सप्त्याला जागा होईल. वास्तविक ही चर्चा घरोघरची आहे. थोरल्या मुलाचे लग्न ठरले की धाब्याचे घर मोडावे, की मागे एक खोली नि पुढे सपरी काढावी, याचा खल वऱ्हाडात कोणत्या घरी झाला नाही? मात्र घर मनासारखे साधले नाही तर मुलगा पुन्हा बांधील. आठशे वर्षांपूर्वी बसविलेला दगड एकदा उतरविला की तो पुन्हा तसा बसत नाही.

आपला प्रांत या बाबतीत भाग्यवान आहे. अकोला जिल्ह्यात बार्शीटाकळी येथे देवीचे जे प्राचीन पाषाणमंदिर आहे, त्यातील शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे इ.स. ११७६-७७ च्या सुमाराचा आहे. अमरावती जिल्ह्यात दर्यापूर तालुक्यातील लासूरचे आनंदेश्वराचे देऊळ, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे दैत्यसूदन, ही त्याच परंपरेतली. आपण या सर्वांना सरसकट 'हेमाडपंती' म्हणतो. परंतु यादवांचा मंत्री हेमाद्री हा महादेव व रामचंद्र या राजांच्या पदरी होता, आणि महादेवाची कारकीर्दच मुळी इ.स. १२६१ ची. बार्शीटाकळीचा लेख त्याच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे आधीचा. तेव्हा ते नाव बांधणीच्या तऱ्हेला पडलेले आहे, एका माणसाच्या कर्तृत्वाला नव्हे, इतके सुज्ञ वाचकांनी ध्यानात घ्यावे.

या बांधणीचे मर्म दगडाच्या वजनात आहे. घडीव काळा दगड एकावर एक नेमका बसविला आहे. सांधे चुन्यावर विसंबलेले नाहीत. छतावर दगड थोडथोडे पुढे काढीत नेऊन वर मिटविले आहेत. म्हणजे प्रत्येक दगड दुसऱ्याला दाबून धरतो. अशा छतावर पाणी गळू नये म्हणून काँक्रीटचा जाड थर टाकला, तर ज्या खांबांनी तो भार कधी धरला नव्हता त्यांच्यावर तो येतो. भिंतीला सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट दिला तर आतली ओल बाहेर पडत नाही, आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. विजेच्या वायरीसाठी आणि पंख्यासाठी छिन्नीने पाडलेली भोके तर आपण गावोगाव पाहतोच. जीर्णोद्धाराच्या नावाखाली झालेले हे काम उत्साहाने होते, पैसे खर्चून होते, हे विशेष.

पंढरपुराचे ताजे उदाहरण सर्व वारकऱ्यांच्या माहितीचे आहे. श्रीविठ्ठल मंदिरात वेळोवेळी भक्तांनी श्रद्धेने ग्रॅनाईट, संगमरवर, रंग अशा भरी घातल्या होत्या. सुमारे ७३ कोटी रुपयांच्या आराखड्याप्रमाणे पुरातत्त्व विभागाच्या मार्गदर्शनाखाली त्या काढण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यासाठी मार्च २०२४ च्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्श दर्शन बंद ठेवावे लागले. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी घेऊन जाणाऱ्या आपल्याकडील मंडळींनी त्यानंतर गाभाऱ्याचा मूळ दगड पाहिला. आधी पैसे देऊन झाकला, मग पैसे देऊन उघडा केला!

याउलट, जे राहिलेच नाही तेथे डागडुजी कशाची करणार? सोमनाथला अहल्याबाई होळकरांनी इ.स. १७८३ च्या सुमारास पडक्या मंदिरापासून थोड्या अंतरावर दुसरे देऊळ बांधले आणि देवाची पूजा चालू केली. जुने अवशेष पुढे दीडशेहून अधिक वर्षे तसेच उभे होते. स्वातंत्र्यानंतर सरदार पटेल व काकासाहेब गाडगीळ यांच्या पुढाकाराने निर्णय फिरला. १९५० साली अवशेष उतरविण्यात आले आणि ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते नव्या मंदिरात प्रतिष्ठा झाली. त्या वेळी अवशेष राखावेत असे म्हणणारेही जाणकार होते. आपल्या गावोगावची माती-विटांची, लाकडी खांबांची मारुती-विठ्ठलाची देवळे खांब कुजून वाकली असतील, तर ती उतरविण्यात दोष नाही. दगडी देवळाचा न्याय मात्र त्यांना लावू नये, आणि त्यांचा दगडी देवळाला लावू नये.

राहिला सभामंडप. तो हवाच, कीर्तनाला उन्हात बसणाऱ्या बायाबापड्यांचा विचार कोणी करायचा? पण वऱ्हाडची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. जुने देऊळ आपल्या जागी केव्हाच स्थिरावलेले असते. नवा मंडप त्याला चिकटवून बांधला की तो निराळा खचतो आणि दोन-चार पावसाळ्यांत सांध्यावर चीर पडते. गवंडी ती सिमेंटने भरतो, पुढच्या वर्षी ती पुन्हा उघडते. याला उपाय एवढाच, की मंडपाचा पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा, त्याचे खांब त्याच्याच पायावर उभे करावेत, आणि जुन्या भिंतीला न टेकता मध्ये फट राखावी. फटीवर पत्र्याची पन्हळ दिली की पाणी बाजूला जाते. फरशीही जुन्या उंबऱ्याच्या खालीच असावी. एकावर एक फरश्या चढवीत गेल्याने पावसाचे पाणी गाभाऱ्यात शिरते, हे बऱ्याच गावांनी अनुभवले आहे.

देऊळ केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत असेल, तर ही मुभा नाही. १९५८ च्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. वर्गणी गोळा करण्याआधी हे पाहून घेतलेले बरे. तेथे भक्तांची सोय दूर अंतरावरच करावी लागते. गाडगेबाबांनी ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधविला आणि मूर्तिजापूर, पंढरपूर येथे धर्मशाळा उभारल्या. देवाच्या गावी आलेल्या माणसाची सोय त्यांनी तशी पाहिली.

शेवटी देणगीदार बंधुभगिनींना एक विनंती, राग नसावा. नावांच्या संगमरवरी पाट्या जुन्या भिंतीवर खिळे मारून बसवू नयेत. नव्या मंडपाचे खांब त्यासाठी मोकळे आहेत. तेथे एक्कावन्न रुपयांपासून सर्वांची नावे एकाच मापाच्या अक्षरांत लागू शकतात. जुन्या देवळाच्या आत बसविण्याजोगी पाटी एकच: कोणत्या साली कोणता दगड बदलला, किती चुना लागला आणि कोणत्या गवंड्याने काम केले, एवढी नोंद असलेली.