जमीन कोणाच्या नावावर?

गावातील जमीन कोणाची, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. तलाठ्याला विचारावे तर एक उत्तर मिळते, औत धरणाऱ्याला विचारावे तर दुसरे, आणि सावकाराच्या पेटीतील कागद पाहावेत तर तिसरे. दख्खनच्या गेल्या दोन-अडीच शतकांच्या इतिहासात ही तीन उत्तरे एकमेकांशी क्वचितच जुळली आहेत. या विषयाचा अभ्यास म्हणजे एका अर्थाने या न जुळण्याचाच अभ्यास होय.

पेशवाईत मिरासदार आणि उपरी असा भेद होता. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा. तो गाव सोडून गेला तरी सहसा बुडत नसे. उपऱ्याचा हक्क कौलाच्या मुदतीपुरता. गावची जमीन थळांत वाटलेली असे आणि थळांना मूळ घराण्यांची नावे असत. घराणे नष्ट झाले तर ती जमीन ‘गतकुळी’ म्हणून लिहिली जाई. कसणारा बदलला, आडनाव बदलले, तरी थळाचे नाव मात्र जुन्या घराण्याचेच राही.

ही घडी इंग्रजी मोजणीने विसकटली. १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी पद्धत बसवली तीत थळ गेले व सर्व्हे नंबर आला. प्रत्येक नंबरावर ३० वर्षांचा धारा ठरला आणि धारा भरणारा तो खातेदार झाला. मिरासदार व उपरी एकाच रांगेत बसले. कागद सुटसुटीत झाला, यात शंका नाही. परंतु त्या कागदाने एकच गोष्ट सांगितली : धारा कोणी भरावयाचा. जमीन कोणाची, हे त्याने सांगितलेच नाही.

त्याची किंमत पुढे कळली. खाते विकता येऊ लागले, गहाण टाकता येऊ लागले, आणि सावकाराला कुणब्याच्या पिकापेक्षा त्याच्या शेताची गोडी लागली. गंमत अशी की, शेत गहाण पडले तरी पुष्कळदा खाते जुन्याच नावावर राही. सावकारालाही तेच सोयीचे होते. धारा भरण्याची कटकट कुळाच्या गळ्यात, उत्पन्न आपल्या घरात. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोक सावकारांवर उठले तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः खतांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. आपली जमीन नेमकी कोठे अडकली आहे, हे त्या लोकांना पक्के माहीत होते. चौकशी झाली, १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसंबंधीचा कायदा झाला. पण मालकी, गहाण आणि वहिवाट यांची गावोगाव नोंद ठेवणारा हक्कनोंदणीचा कायदा येण्यास १९०३ साल उजाडले.

त्या नोंदींचा खरा उपयोग ज्या थोड्या अभ्यासकांनी केला त्यांत डॉ. हॅरॉल्ड मॅन यांचे नाव अग्रभागी आहे. हे गृहस्थ पेशाने रसायनशास्त्रज्ञ, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल. मातीचे पृथक्करण करून शेतकऱ्याचे दारिद्र्य उलगडत नाही असे दिसल्यावर एक गाव मुळापासून तपासावे, या विचाराने त्यांनी पुण्याजवळचे पवनाकाठचे पिंपळे सौदागर निवडले. १९१७ साली त्यांचे पुस्तक निघाले. जुन्या दप्तरांवरून त्यांनी दाखवले की, या गावी सरासरी धारणा १७७१ मध्ये सुमारे ४० एकर होती, १८१८ मध्ये साडेसतरा, १८२० ते १८४० च्या दरम्यान सुमारे १४, आणि १९१४-१५ मध्ये अवघी ७. त्या वेळचे खातेदार १५६, पण त्यांच्या जमिनीचे तुकडे ७२९. त्यांतले ४६३ एकराच्या आतले, आणि ११२ तर दहा गुंठ्यांपेक्षाही लहान!

या आकड्यांनी मोठी खळबळ केली. ‘चाळीस एकरांचे सात झाले, हीच इंग्रजी राज्याची देणगी’ असा युक्तिवाद पुढे वारंवार झाला. मला तो अपुरा वाटतो. आकडे नीट वाचावेत. चाळिसाचे साडेसतरा झाले ते पेशवाईतच. शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढेपर्यंत निम्म्याहून अधिक घट होऊन गेली होती. शिवाय १७७१ च्या कागदातील एका नावामागे किती चुली होत्या? एकत्र कुटुंबाचा कर्ता एका ओळीत बसतो आणि त्याचे नातू आठ ओळींत. मग जमीन तुटली किती आणि नुसतेच नाव फुटले किती? इंग्रजी अमदानीला यातून दोषमुक्त करावयाचे नाही. वाटण्या आणि विक्री यांना तिच्या कायद्याने वाट दिली, हे खरेच. पण आरोपपत्रात चाळिसाचा आकडा घालताना वकिलाने सावध असावे.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचे तोंड फिरले. १९४८ च्या कूळकायद्याने कुळाला संरक्षण दिले. पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि कसणारा कूळ त्या दिवसापासून मालक मानला गेला. मधल्या काळात काय घडले, हे गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी १९५७ च्या अहवालात मांडले. संरक्षण कागदावर होते, आणि तरी कुळे बदलत होती, मालक जमिनी परत घेत होते. ‘राजीखुशीने सोडली’ या दोन शब्दांत किती राजी आणि किती खुशी असते, हे ज्याने खेड्यातला चावडीचा कारभार पाहिला आहे त्याला सांगावयास नको. तरीही या कायद्याने पुष्कळ कुळांच्या घरी सातबारा आला. विशेषतः कोकणात खोतीच्या जमिनींवर त्याचे मोल मोठे. १९६१ च्या कमाल जमीनधारणेच्या कायद्याने मात्र कागदाला पुन्हा जुनी खोड लावली : मर्यादेत बसण्यासाठी घरातल्या घरात नावे वाटून घेण्याची.

बायकांचे नाव कागदावर येण्यास आणखी वेळ लागला. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम काढून पत्नीच्या नावे जमीन करावयास सांगितले, २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित इस्टेटीत जन्मतः हक्क मिळाला. पण वारसनोंदीच्या वेळी बहिणींची ‘हक्कसोड’ पत्रे अजूनही होत असतात, आणि त्यांची भाषा त्या जुन्या ‘राजीखुशी’हून फारशी निराळी नाही.

आज महाराष्ट्राची सरासरी सांगावयाची तर कृषिगणनेकडे जावे लागते. १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर, २०१५-१६ मध्ये १.३४. पण ही गणना वहितीची आहे, मालकीची नव्हे. मालकीचा माग काढणाऱ्याला गावनमुना सहामधले फेरफार एकेक करून वाचण्यावाचून गत्यंतर नाही. पिंपळे सौदागरची फेरपाहणी दिसकळकरांनी १९६० साली प्रसिद्ध केली. त्यानंतर ते गाव पिंपरी-चिंचवडच्या पोटात गेले, आणि मॅन यांनी मोजलेल्या शिवारात आता उंच इमारती उभ्या आहेत. तिसऱ्यांदा मोजणी करावयाची तर मॅन आणि कानिटकर यांनी १९२१ च्या पुस्तकात पाहिलेले दुसरे गाव, जिरायती जातेगाव बुद्रुक, हाती घ्यावे.