मोंझाची पाचवी फेरी

21 जून 1970, झँडफोर्ट, हॉलंड. फॉर्म्युला वनची गाडी लोटस 72 पहिली शर्यत जिंकते. कॉलिन चॅपमन आणि मॉरिस फिलिप यांनी आखलेली ही एकआसनी गाडी पाचरीच्या आकाराची: रेडिएटर नाकातून काढून दोन्ही बाजूंना बसवलेले, पुढचे ब्रेक चाकांतून काढून आत घेतलेले. चाक आणि ब्रेक यांच्यामध्ये उरला फक्त एक शाफ्ट. त्याच शर्यतीत विजेत्या योखेन रिंटचा मित्र पिअर्स करेज पेटलेल्या गाडीत गेला.

शुक्रवार, 4 सप्टेंबर. मोंझा, इटली. रिंट लागोपाठ चार शर्यती जिंकून गुणांत पुढे आहे. पण सरळ रस्त्यावर फेरारीचं बारा सिलिंडरचं इंजिन भारी पडणार, म्हणून लोटसचे पंख उतरवले जातात. हवेचा अडसर कमी होतो, तसा गाडीला जमिनीशी दाबून धरणारा जोरही जातो. जोडीदार जॉन माइल्स सांगतो, गाडी सरळ धावत नाही. रिंटची काहीच तक्रार नाही. माइल्सचं ऐकायलाच हवं होतं.

शनिवार, 5 सप्टेंबर. गिअर बदलले. आता गाडी ताशी 330 किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. मेहकर-सिंदखेड राजाकडून जाणाऱ्या आपल्या समृद्धी महामार्गावर मोटारींना मर्यादा 120 ची आहे, यावरून काय ते समजावं.

सरावाचं शेवटचं सत्र. रिंट कमरेचे आणि खांद्यांचे पट्टे बांधतो, मांड्यांमधले बांधत नाही. आग लागली तर झटकन बाहेर पडता यावं म्हणून. याला बेफिकिरी म्हणू नये. 1 जुलै 2023 ला रात्री दीडच्या सुमारास याच समृद्धीवर, बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळखुट्याजवळ बस दाराच्या बाजूवर उलटून पेटली आणि 25 जण गेले. आगीत अडकण्याची भीती बुलढाण्याला समजावून सांगावी लागत नाही.

पाचवी फेरी. पॅराबोलिका वळणाआधी ब्रेक. मागून येणाऱ्या डेनी हल्मला लोटस किंचित हेलकावताना दिसते आणि मग ती एकदम डावीकडे लोखंडी कठड्यात घुसते. कठड्याचा सांधा सुटतो, पुढचं सस्पेन्शन पत्र्याखाली शिरतं, खांबावर आदळून गाडीचं नाक उखडतं. रिंट पुढे खाली घसरतो आणि पट्ट्याच्या बक्कलाने त्याचा गळा चिरतो. वय 28.

इटालियन चौकशीत निघालं ते असं: पुढच्या उजव्या ब्रेकचा शाफ्ट तुटला, पण जीव घेतला नीट न बसवलेल्या कठड्याने.

4 ऑक्टोबर, वॉटकिन्स ग्लेन, अमेरिका. एमर्सन फिटिपाल्डी लोटस 72 वर जिंकतो, फेरारीच्या जॅकी इक्सची विजेतेपदाची संधी संपते. रिंट 45 गुणांवर विश्वविजेता, मरणोत्तर हा मान मिळालेला फॉर्म्युला वनमधला एकमेव चालक. गाडी 1975 पर्यंत धावली, तिने 20 ग्रां प्री जिंकल्या.