सरफोजी राजांचे दफ्तर आणि दडलेला क्षय

तंजावूरच्या भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी 1855 साली खालसा केले, तरी त्या राज्याची मोडी कागदपत्रे सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जतन केलेली आहेत. आणि त्या संग्रहातील, दुसऱ्या सरफोजी राजांच्या (कारकीर्द 1798 ते 1832) वेळची नेत्ररुग्णांची टिपणे पाहिली, म्हणजे वसुलीच्या हिशेबाला शोभणारी दफ्तरी शिस्त या विद्याव्यासंगी राजाने रोग्याच्या उशापर्यंत नेली होती, हे ध्यानात येऊन विस्मय वाटतो. रोग्याची तक्रार, उपचारांची हकीकत आणि सोबत डोळ्याचे चित्र, असा तो तपशील कोठे मोडीत, कोठे इंग्रजीत नोंदलेला आहे. राजांच्या धन्वंतरी महालात देशी व विलायती वैद्यक एकत्र नांदत असे, आणि तेथे अनुभवास उतरलेले योग 'शरभेंद्र वैद्य मुऱैगळ' या नावाने तमिळ पद्यात ग्रथित झाले. त्यांतील एक भाग क्षयाच्या चिकित्सेचा आहे.

परंतु डोळ्याचा विकार चित्रकाराला दिसतो, तसा क्षय दिसत नाही. चरकाने राजयक्ष्म्याची चार कारणे आणि अकरा रूपे सांगितली खरी. पण रूप प्रकट होईपर्यंत रोगाने आत ठाणे बसविलेलेच असते. सरफोजी राजे निवर्तले, त्यानंतर बरोबर अर्ध्या शतकाने, 1882 साली, कॉखने क्षयाचा जंतू दाखविला. 1890 मध्ये त्याने त्या जंतूपासून काढलेले ट्युबरक्युलिन हे द्रव्य औषध म्हणून पुढे आणले. औषध म्हणून ते फसले आणि परीक्षा म्हणून टिकले, हा वैद्यकाच्या इतिहासातील एक मौजेचा न्याय होय.

पीरके व मांतू यांनी 1907-08 च्या सुमारास रूढ केलेली ती परीक्षा दिसायला साधी आहे. हाताच्या आतल्या बाजूस त्वचेच्या थरातच थोडे ट्युबरक्युलिन टोचायचे, दोन-तीन दिवसांनी बोटाने चाचपून कठीण झालेल्या भागाच्या कडा पेनाने आखायच्या आणि पट्टीने आडवे माप घ्यायचे. लाली कितीही पसरलेली असो, ती हिशेबात धरायची नाही. मद्रासजवळच्या चिंगलपुट जिल्ह्यात 1968 साली बीसीजी लशीची विख्यात चाचणी सुरू झाली, तेव्हा लाखो हात असे टोचून मोजले गेले.

खरी अडचण पुढेच आहे. ही परीक्षा जंतूला शोधीत नाही, शरीराची जबानी घेते. आणि ज्याची प्रतिकारशक्ती खचली आहे, तो साक्षीदार नेमका तेथेच मुका राहतो. भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम 1986 साली मद्रासलाच आढळला, आणि त्यापुढे या मौनाची किंमत कळू लागली. इतरांच्या बाबतीत सामान्यतः 10 मिलिमीटरची मर्यादा धरतात, ती अशा रोग्यांसाठी 5 वर आणावी लागली. रक्तावरची नवी इग्रा चाचणी त्वचेवरच्या परीक्षेसारखी बीसीजी लशीने फसत नाही. पण रक्तपेशीच दुर्बळ असल्या, तर तिचाही निकाल 'अनिर्णित' असा येऊ शकतो.

म्हणूनच एचआयव्हीग्रस्तांच्या बाबतीत चाचणीसाठी अडून बसत नाहीत. खोकला, ताप, वजनातील घट आणि रात्रीचा घाम यांची चौकशी करून प्रत्यक्ष क्षय नाही अशी खात्री पटली, की प्रतिबंधक औषध सुरू होते; ही चौकशी धन्वंतरी महालातल्या वैद्यालाही अपरिचित वाटली नसती. मूत्रपिंड-रोपण, किंवा सांधेदुखीवरची बायॉलॉजिक औषधे, यांत मात्र शक्ती केव्हा खचणार हे आगाऊ ठाऊक असते. तेथे शरीर बोलते आहे तोवरच, उपचारापूर्वी, त्याची जबानी घेऊन ठेवतात.