हिवाळी सत्र, पश्चिम बर्लिन

ऑक्टोबर १९८९. फ्री युनिव्हर्सिटीत एका सत्रापुरते आलेले विद्यार्थी आहात तुम्ही. विद्यापीठ दक्षिणेला डालेममध्ये, तुमची भाड्याची खोली पार उत्तरेला, वेडिंगमध्ये, ओस्लोअर श्ट्रासे स्टेशनाजवळ. खोलीच्या कोपऱ्यात टाइल्स लावलेली उंच शेगडी आहे. पहाटे उठून तिच्यात लिग्नाइटच्या विटा पेटवायच्या, मग राख झाडायची. तो जळका वास तुमच्या कोटाला, वह्यांना, केसांना धरतो.

वेळापत्रकात दहा लिहिलेले असले तरी तास सव्वादहाला सुरू होतो. संपला की कोणी टाळ्या वाजवत नाही. सगळे बाकावर मुठीने ठकठक करतात. काही दिवसांत तुमचाही हात आपोआप उठतो.

संध्याकाळी क्रॉइत्सबर्गला मित्रांकडे जायला आठ नंबरची भुयारी गाडी. फोल्टाश्ट्रासेनंतर ती पूर्व बर्लिनच्या खाली शिरते. तिथली सहा स्टेशने १९६१ पासून बंद आहेत. गाडी वेग कमी करते, थांबत नाही. मिणमिणता उजेड, रिकामे फलाट, कुठेतरी पहारेकरी. मग एकदम मोरित्सप्लात्सचा लख्ख फलाट. पहिल्यांदा तुम्ही काचेला नाक लावून बसलात. महिना संपेपर्यंत पुस्तकातून मान वर करणेही थांबले.

एका रविवारी तुम्ही वर जाऊनही येता. फ्रीडरिशश्ट्रासेला व्हिसाचे पैसे, शिवाय पंचवीस मार्कांची सक्तीची अदलाबदल. पूर्वेचे मार्क बाहेर नेता येत नाहीत, म्हणून उरलेल्या पैशांची पुस्तके घेता आणि मध्यरात्रीच्या आत परतता. दुकानदारीण बाईंनी पुस्तके कागदात नीट गुंडाळून दिली. त्यांना मात्र तुमच्यासोबत पलीकडे येता येत नाही. परतीच्या गाडीत हेच डोक्यात घोळत राहते.

९ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी पूर्व जर्मन नेते शाबोव्स्की यांची पत्रकार परिषद झाली: तिथल्या नागरिकांना प्रवासाची मुभा, तीही ताबडतोब. रात्री साडेअकराच्या सुमारास बोर्नहोल्मर श्ट्रासेचे सीमेवरचे फाटक उघडते. तुमच्या रस्त्याने सरळ चालत गेले की पूल लागतो, आणि त्यावरून माणसे येत आहेत: झोपायच्या कपड्यांवर कोट चढवलेली, रडणारी, ओरडणारी. अनोळखी बाई तुम्हाला मिठी मारून विचारते, हा खरंच वेडिंग का? हो म्हणताना तुमचाच घसा दाटून येतो. रस्ता तिला तुम्ही दाखवता, या शहरात जेमतेम रुळलेले तुम्ही.

शनिवारी आठ नंबरची गाडी यानोवित्सब्र्यूकेला थांबते. दारे उघडतात. लोक चढतात! डब्यातले म्हातारे प्रवासी उभे राहतात. जगभरचे वार्ताहर तेव्हा ब्रांडेनबुर्ग फाटकापाशी आहेत, आणि ते बरोबरच आहे. पण रोज न थांबणाऱ्या गाडीचे थांबणे काय असते, हे त्या मार्गाची सवय झालेल्यालाच कळते. परदेशातल्या सत्राने तुम्हाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट ही सवयच, असे मला मनापासून वाटते.

फेब्रुवारीच्या मध्याला तास संपतात. पूर्वेत १८ मार्चला निवडणूक आहे, तिथली पहिली मुक्त निवडणूक. तुम्ही परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात रांगेत उभे आहात, मुक्काम आणखी एका सत्राने वाढवून मागायला.