एका जागेवर दोन पॉइंटर

सी भाषेत क्लास नाहीत. तरीही ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीने लिहायचे तर प्रत्येक स्ट्रक्चरच्या सुरुवातीला तीच फील्ड्स ठेवतात आणि पॉइंटर कास्ट करून एका स्ट्रक्चरला दुसऱ्याच्या नावाने हाताळतात. यावर जीसीसी हा कम्पायलर वॉर्निंग देऊ शकतो : स्ट्रिक्ट अलायसिंगचा नियम मोडतो आहे.

या वॉर्निंगचे मूळ वेगाच्या गरजेत आहे. सबरूटीनला एकच जागा दोन नावांनी देऊन तिच्यात बदल करायला फोर्ट्रानने मनाई केली, म्हणून फोर्ट्रानचा कम्पायलर किमती निर्धास्तपणे रजिस्टरमध्ये ठेवू शके. सीमध्ये पॉइंटर कुठेही नेता येतो. त्यामुळे 1989च्या प्रमाणकाने टाइपचा आधार घेतला : इंट आणि फ्लोटचे पॉइंटर एकाच वस्तूकडे बोट दाखवत नाहीत, असे कम्पायलरने मानावे; हाच स्ट्रिक्ट अलायसिंगचा नियम. कॅरॅक्टर टाइपला मात्र सूट राहिली. या जागेकडे दुसरा पॉइंटर नाही, अशी हमी देणारा प्रमाणकाच्या मसुद्यातला ‘नोअलायस’ हा शब्द 1988मध्ये डेनिस रिची यांच्या कडाडून विरोधामुळे गेला. तशाच कामाचा ‘रिस्ट्रिक्ट’ 1999मध्ये आला.

जीसीसी टाइपचे हे गृहीत वापरू लागला, तेव्हा जुने कोड अडचणीत आले. लिनक्स कर्नल हे गृहीत आजही बंद ठेवतो. पायथन 2चे ऑब्जेक्ट सुरुवातीला सांगितलेल्या कास्टच्या पद्धतीने लिहिलेले असल्याने तोही हे गृहीत बंद करून कम्पाइल करावा लागे. पायथन 3ने मूळ स्ट्रक्चर पहिले सदस्य म्हणून आत बसवले आणि प्रमाणकात बसणारी वाट धरली.

टाइपवर न विसंबता कम्पायलरने स्वतः शोधायचे म्हटले, तरी कोणता पॉइंटर कुठे बोट दाखवतो, हे सर्व प्रोग्रॅमसाठी अचूक ठरवणे अशक्य असल्याचे विल्यम लँडी यांनी 1992मध्ये सिद्ध केले. म्हणून कम्पायलर अंदाजावर चालतो. तो अंदाज सुधारण्याचे मोठे काम पवईत, आयआयटी मुंबईत झाले. धनंजय ढमढेरे आणि उदय खेडकर यांनी 1994मध्ये डेटा फ्लो विश्लेषणाच्या, म्हणजे प्रोग्रॅममधून माहिती कशी वाहते ते तपासण्याच्या, एका मोठ्या वर्गाचा व्यापक सिद्धांत मांडला. खेडकर, अमिताभ सान्याल आणि बागेश्री करकरे यांचे या विषयावरचे पुस्तक 2009मध्ये निघाले. खेडकर, केंब्रिजचे अ‍ॅलन मायक्रॉफ्ट आणि प्रशांत सिंह रावत यांनी 2012मध्ये फक्त पुढे वापरात येणाऱ्या पॉइंटरचाच हिशेब ठेवला आणि उपयोगी माहिती फारच थोडी असते, हे जीसीसीवर दाखवले.

पुन्हा जीसीसीच्या वॉर्निंगकडे येऊ. व्हॉइड पॉइंटरमधून कास्ट केले की ती गप्प होते, दोष तसाच राहतो. म्हणून वॉर्निंग मिटवण्याऐवजी स्ट्रक्चरची रचना बदलावी. ते कष्ट एकदाच घ्यावे लागतात.