आपल्या पाइपांचीही पंचविशी

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, म्हणजे आपल्या पाइपांनाही झाली. या अंकात गणपती, सहली, क्रिकेटचे सामने, सगळं येईल. पाइपांवर कोण लिहिणार? म्हणून मी लिहितोय.

मुंबईत नळाचं पाणी आलं १८६० मध्ये, विहार तलावातून. हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरची ती योजना. त्याआधी सगळी भिस्त विहिरी आणि तळ्यांवर. पुढे १८७९ ला तुळशी, १८९२ ला तानसा. धरण झालं की पाटी लागते. जुनी जलवाहिनी बदलली तर लोक फक्त खणलेल्या रस्त्याबद्दल बोलतात!

हँगिंग गार्डनला आपण सगळे गेलोय, म्हातारीचा बूटही पाहिलाय. त्या बागेखाली १८८७ चा जलाशय आहे, दक्षिण मुंबईला पाणी पुरवणारा. महापालिकेनं तो पाडून नवा बांधायचं ठरवलं. खर्च जवळपास ७०० कोटी, शिवाय वरची झाडं जाणार. रहिवाशांनी हरकत घेतली. मग डिसेंबर २०२३ मध्ये आयआयटीच्या प्राध्यापकांसह तज्ज्ञ प्रत्यक्ष आत उतरले. आत कप्पे असल्यानं एक रिकामा करून तपासता आला आणि शहराचं पाणी चालू राहिलं. शेवटी पाडापाडीचा बेत मागे पडला, दुरुस्तीचा विचार पुढे आला.

आपली जमिनीखालची टाकी मात्र एकाच कप्प्याची. धुवायची म्हटली की दोन्ही विंग कोरड्या. मागे ऐन भाऊबीजेला बी विंगचा डाउनटेक फुटला, घरोघरी पाहुणे, आणि जिन्यात बादल्यांची रांग. प्लंबरनं पाइप कापला तर आत गंजाचा एवढा थर की बोट जाईना. तो तुकडा ऑफिसात ठेवलाय, येऊन बघा.

उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का घ्यायचा असतो. मेंटेनन्स वाढू नये म्हणून आपण काही वर्षं तो घेतलाच नाही. त्या कमिटीत मीही होतो, आणि तेव्हा टाळ्याही मिळाल्या होत्या.

आता आधी बी विंगचे पाइप की आधी टाकीत मधली भिंत, यावर येत्या सर्वसाधारण सभेत वाद होणार. माझं मत भिंतीला. दोन दिवस टँकर मागवावे लागतील, पण पुढचं प्रत्येक काम अर्धी टाकी भरलेली ठेवून करता येईल. बी विंगवाले रागावतील, हे माहीत आहे. मी स्वतः बी विंगमध्येच राहतो.